वर्तन कोणाचे बदलायचे?

आज २ एप्रिल, जागतिक स्वमग्नता (ऑटिझम) जागृती दिन. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २००७ मध्ये तसा ठराव केला आणि २००८ पासून हा दिवस जगभर पाळला जातो. आज संध्याकाळी ठिकठिकाणच्या इमारतींवर निळे दिवे लागतील, पदयात्रा निघतील, मुलांच्या चित्रांची प्रदर्शने भरतील. हे सारे व्हायला हवे. एके काळी ‘ऑटिझम’ म्हणजे काय हे नातेवाइकांना आणि शाळेला समजावून सांगण्यातच आईबापांचा निम्मा जीव जायचा. आज बालवाडीच्या ताईंनाही तो शब्द ठाऊक असतो, यात अशा दिवसांचा वाटा आहेच. पण निदानाचा कागद हाती पडल्यावर त्या रात्री घरात जो प्रश्न उभा राहतो, त्याला अशा कार्यक्रमांत उत्तर मिळत नाही. आता करायचे काय, हा तो प्रश्न.

स्वमग्नता ही मेंदूच्या जडणघडणीतली भिन्नता आहे. तिच्यावर गोळी नाही. चिडचिड, झोप, फिट्स अशा जोडीने येणाऱ्या त्रासांवर औषधे आहेत, मूळ स्थितीवर नाहीत. त्यामुळे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ऑक्युपेशनल थेरपी (ओटी), स्पीच थेरपी, स्पेशल एज्युकेटर अशी यादी येते आणि त्यात हटकून एक शब्द असतो, बिहेवियर थेरपी. म्हणजे वर्तनोपचार. मग शोध सुरू होतो. कोणी सांगते आठवड्याला चाळीस तास हवेत, कोणी सांगते मुलाला आमच्याकडे सोडून जा आणि काचेबाहेर बसा, कोणी सहा महिन्यांत बोलता करून देण्याची हमी देते. स्टेम सेलची इंजेक्शने विकणारेही याच रांगेत उभे असतात. ती उपचार म्हणून देऊ नयेत, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले, तरी दागिने मोडून तो खर्च करणारी घरे आहेत. अशा वेळी वर्तनोपचार नेमके कशाला म्हणायचे, त्यातले काय घ्यायचे आणि काय ठामपणे नाकारायचे, हे पालकांना शांतपणे सांगणारे कोणी भेटत नाही.

एक साधे उदाहरण घेऊ. दोन खोल्यांचे घर, चार वर्षांचा मुलगा. शब्द जेमतेम आठ-दहा, तेही गरजेच्या वेळी न येणारे. रोज संध्याकाळी तो भिंतीवर डोके आपटू लागतो. घरचे म्हणतात, हट्टी आहे, टीव्ही बंद केला की असेच करतो. आजोबांचे मत, आईने लाडावून ठेवलाय. चांगली थेरपिस्ट अशा वेळी मुलाला हातही लावत नाही. ती आईला वही देते आणि तीन रकाने आखायला सांगते: आधी काय झाले, तो नेमके काय करत होता, नंतर काय झाले. आठवडाभर सगळ्यांनी मिळून ती वही भरायची, मनाचे अंदाज लिहायचे नाहीत, दिसले तेवढेच लिहायचे. आठव्या दिवशी वही उघडल्यावर दिसते की टीव्हीचा काही संबंध नाही. पहिल्या रकान्यात पुन्हापुन्हा एकच गोष्ट आहे, कुकरची शिट्टी. तिसऱ्या रकान्यातही एकच, आई धावत येते आणि त्याला उचलून गॅलरीत नेते. त्या पोराच्या कानाला शिट्टी सहन होत नाही. गॅलरीत जायचे आहे हे सांगायला त्याच्याकडे शब्द नाही. डोके आपटले की बाहेर नेतात, एवढे मात्र त्याला पक्के कळले आहे.

हे लक्षात आल्यावर पुढचे काम अवघड असले तरी दिशा सापडते. कुकर लावायची वेळ आजोबांच्या फेरफटक्याशी जुळवायची. ते जमले नाही तर शिट्टी होण्याआधी त्याला सांगायचे, कानांवर हेडफोन द्यायचे, स्वयंपाकघराचे दार लोटून घ्यायचे. आणि त्याच्या हातात गॅलरीचे चित्र असलेला पुठ्ठ्याचा तुकडा द्यायचा. तो तुकडा त्याने कोणाच्याही हाती दिला की हातातले काम टाकून, त्याच क्षणी, त्याला बाहेर न्यायचे. सुरुवातीला त्याच्या हाताला हात लावून शिकवावे लागते. पीठ मळताना, फोनवर बोलताना, पाहुणे बसलेले असतानाही उठावे लागते, कारण पहिले काही दिवस एकदाही टाळले तर कार्डावरचा त्याचा विश्वास जातो. तो विश्वास बसला की डोके आपटणे कमी होत जाते. त्याला आता त्याची गरज उरत नाही.

यात नवे काही नाही. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरंड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये हेच दाखवून दिले होते: त्रासदायक वाटणाऱ्या वर्तनामागे अनेकदा मागणी असते, आणि ती मागणी करण्याचा दुसरा, सोपा मार्ग शिकवला की ते वर्तन ओसरते. त्याच सुमारास अँडी बाँडी आणि लॉरी फ्रॉस्ट यांनी अमेरिकेतच चित्रकार्डांच्या देवाणघेवाणीची पद्धत बसवली, जी आज आपल्याकडच्या बहुतेक केंद्रांत दिसते. पुढे टॅबलेट आले, चेन्नईत तयार झालेले ‘आवाज’सारखे ॲप भारतीय भाषांत बोलू लागले. कार्ड दिले की मूल बोलायचे थांबेल, ही भीती पालकांना हमखास वाटते. अनुभव आणि अभ्यास दोन्ही सांगतात की तसे होत नाही.

पण वर्तनोपचारांची सुरुवात या वाटेने झाली नव्हती, हेही सांगितले पाहिजे. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये बाल्टिमोरमध्ये तपासलेल्या अकरा मुलांचे वर्णन करून या स्थितीला वैद्यकात जागा दिली. त्यानंतरची पंचवीस-तीस वर्षे आयांच्या बदनामीत गेली. मूल असे झाले ते आईच्या थंड, कोरड्या वागण्यामुळे, असे ब्रुनो बेटेलहाइम यांच्यासारखे नामवंत १९६७ मध्येही लिहीत होते. बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशा मुलाचा बाप होता, १९६४ मध्ये पुस्तक लिहून त्या कल्पनेला पहिला मोठा धक्का दिला. त्या अंधारात कॅलिफोर्नियातले इवार लोवास पुढे आले. ही मुले शिकू शकतात, असे ते म्हणाले आणि शिकवून दाखवू लागले. शिकवायच्या गोष्टीचे बारीक तुकडे करायचे, मूल टेबलापाशी समोर बसलेले, सूचना एकच, उत्तर बरोबर आले की लगेच बक्षीस, असे शेकडो वेळा. ज्यांना संस्थांत कायमचे टाकून द्या असे डॉक्टर सांगत होते, त्या मुलांच्या पालकांना हा केवढा आधार वाटला असेल!

पण लोवास यांच्या पद्धतीत बक्षिसाबरोबर शिक्षाही होती. अमेरिकेच्या ‘लाइफ’ नियतकालिकाने १९६५ मध्ये त्यांच्या कामावर सचित्र लेख छापला, त्यात मुलांना मारलेल्या चपराका आणि विजेचे झटके होते आणि त्याकाळी ते कौतुकाने छापले गेले. १९८७ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेला निबंध आजही केंद्रांच्या जाहिरातींत डोकावतो. आठवड्याला चाळीस तास उपचार घेतलेल्या १९ मुलांपैकी नऊ जण सर्वसाधारण शाळेच्या पहिलीत गेले आणि त्यांची बुद्धिमापनाची गुणसंख्या सामान्य कक्षेत आली, असा तो दावा. मुलांची गटवारी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती, मोठ्याने दरडावणे आणि मांडीवर चापट हा त्या उपचाराचा भाग होता, हे जाहिरातीत येत नाही. ‘चाळीस तास’ हा आकडा मात्र तेव्हापासून आईबापांच्या मानगुटीवर बसला आहे. तासाला पाचशे रुपये धरले तरी आठवड्याचे वीस हजार होतात. किती मराठी घरांना हे झेपेल? आणि ज्यांना झेपत नाही त्यांनी आपण मुलाचे आयुष्य घालवले, असे मनाला लावून घेत जगायचे का? २०२४ मध्ये जुन्या-नव्या शेकडो अभ्यासांतून निवडक अभ्यास एकत्र करून झालेल्या मोठ्या विश्लेषणात, तास वाढवले म्हणून फायदाही त्या प्रमाणात वाढतो, याला पुरावा आढळला नाही. ही बातमी प्रत्येक बालरोगतज्ज्ञाने आपल्या दवाखान्यातल्या पालकांपर्यंत पोहोचवली पाहिजे.

लोवास यांच्या वळणाच्या उपचारांत वाढलेली मुले आता मोठी झाली आहेत आणि बोलत आहेत, लिहीत आहेत. त्यांचे म्हणणे ऐकताना कोणालाही अस्वस्थ वाटेल. डोळ्यांत बघ, डोळ्यांत बघ, असे दिवसातून कितीतरी वेळा बजावून घेतलेली नजरानजर त्यांना अंगावर येत असे. हात झुलवण्याने, डोलण्याने जिवाला मिळणारा आराम ‘हात खाली’ म्हणत काढून घेतला गेला. मोठ्यांचे सगळे निमूट ऐकायचे, अंगाला कोणी हात लावला तरी हलायचे नाही, ही सवय अंगी बाणली की अशा मुलाला पुढे कोणी वाईट हेतूने हात लावला तर ते नकार कसा देणार? स्वतः स्वमग्न असलेल्या जिम सिंक्लेअर यांनी १९९३ मध्येच पालकांना कळवळून सांगितले होते की तुमच्या स्वप्नातल्या मुलासाठी शोक करत बसू नका, समोर जिवंत मूल आहे त्याच्याकडे या. आणि विजेच्या झटक्यांचे म्हणाल, तर ती केवळ साठच्या दशकातली गोष्ट राहिलेली नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने असे झटके देणाऱ्या उपकरणावर २०२० मध्ये बंदी आणली, ती न्यायालयाने २०२१ मध्ये रद्द केली.

आमच्या मते वर्तनोपचारांची कसोटी इथे आहे. मूल इतर मुलांसारखे किती दिसू लागले, याने तो उपचार मोजू नये. त्याला हवे-नको सांगता येऊ लागले का, त्याची भीती आणि वेदना कमी झाली का, ते सत्राला जाताना रडते की ओढीने जाते, हे पाहावे. हात झुलवण्याने कोणाला इजा होत नसेल तर ते तसेच राहू द्यावे. स्वतःला चावत असेल तर त्यामागचे कारण शोधावे, आणि त्यात आधी दात, कान, पोट तपासून घ्यावे, कारण दाढदुखी सांगता न येणारे मूल चावूनच सांगते. केंद्रात आत बसू देत नाहीत, मुलाचे रडणे ‘नाटक’ ठरवतात, त्याला उपाशी ठेवून खाऊचे आमिष दाखवतात, असे दिसले तर पालकांनी बॅग उचलून निघून यावे. तिथे भरलेल्या आगाऊ पैशांचा विचार करत थांबू नये.

गेल्या दोन-तीन दशकांत या क्षेत्रातले अनेक जण टेबल-खुर्ची सोडून जमिनीवर येऊन बसले. सॅली रॉजर्स आणि जेराल्डिन डॉसन यांचे डेन्व्हर मॉडेल असो की कॅलिफोर्नियातल्या कॉनी कसारी यांचे काम, मूल जे खेळते त्यात शिरायचे आणि तिथून संवाद वाढवायचा, हा त्यांचा गाभा. ब्रिटनमध्ये मँचेस्टरचे जोनाथन ग्रीन यांनी आणखी एक पाऊल टाकले. त्यांच्या पद्धतीत थेरपिस्ट मुलावर उपचार करतच नाही. आईबाप मुलाशी खेळतात, त्याचे दहा मिनिटांचे चित्रण होते, आणि मग थेरपिस्ट पालकांच्या शेजारी बसून ते त्यांच्याबरोबर पाहते.

ही पद्धत आपल्या शेजारी, गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत, तपासली गेली. गोव्यातल्या ‘संगाथ’ संस्थेतील गौरी दिवाण, विक्रम पटेल आणि त्यांच्या सीमेपलीकडच्या सहकाऱ्यांनी हे काम केले. दोन ते नऊ वर्षांची ६५ मुले. सहा महिन्यांत बारा सत्रे. आणि ती सत्रे घेणारे कोणी परदेशी पदव्यांचे तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेले सामान्य आरोग्य कार्यकर्ते होते. २०१६ मध्ये निष्कर्ष ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त छापून आले. पालक मुलाच्या इशाऱ्यांना जुळवून घेत प्रतिसाद देऊ लागले होते आणि मुले आपणहून अधिक वेळा संवाद सुरू करू लागली होती. दोघांनी मिळून एकाच गोष्टीकडे लक्ष देण्यात मात्र अपेक्षित वाढ दिसली नाही, उलट थोडी घट होती, तेही संशोधकांनी लपवले नाही. अभ्यास लहान होता. तरीही त्याचे मोल मोठे आहे, कारण तो आपल्या मातीत, आपल्याला परवडणाऱ्या माणसांनिशी झाला.

अशा एका सत्रात नेमके काय होते, ते नजरेसमोर आणून पाहावे. लॅपटॉपवर आई स्वतःलाच पाहते आहे. चित्रणात मुलगी गाडीचे चाक फिरवत बसली आहे आणि आई एकामागून एक विचारते आहे, “हा कुठला रंग? ही काय आहे? गाडी कशी करते? सांग ना बाळा.” मुलगी पाठ फिरवते. कार्यकर्ती चित्रण थोडे पुढे नेते. तिथे आई दमून गप्प झाली आहे, तिनेही नकळत दुसरे चाक फिरवायला घेतले आहे. मुलगी थांबते, आईच्या हाताकडे पाहते, मग क्षणभर चेहऱ्याकडे. कार्यकर्ती तिथेच चित्र थांबवते आणि विचारते, “ताई, इथं तुम्ही काय केलंत?” आईला आधी उमगत नाही. मग ती म्हणते, “काहीच नाही केलं. ती करत होती तेच केलं.” पुढचे पंधरा दिवस घरी रोज अर्धा तास हेच करायचे: प्रश्न कमी, वाट पाहणे जास्त, आणि मुलीने एवढीशी जरी खूण केली तरी लगेच दाद.

म्हणजे आधी वागणे बदलते ते मोठ्यांचे. कुकरच्या उदाहरणातही वेळा बदलल्या त्या घराने, दार लोटले ते घराने. ज्या मुलाला बदलणे सर्वांत कठीण जाते, त्याच्यावरच बदलाचा सगळा भार टाकणाऱ्या उपचारांपेक्षा हा मार्ग न्यायाचा आहे, असे आम्हाला मनापासून वाटते. ग्रीन यांच्या ब्रिटनमधल्या मूळ अभ्यासात १५२ मुले होती. २०१० मध्ये त्याचे पहिले निष्कर्ष लक्षणांच्या बाबतीत फारसे आशादायक नव्हते. सुमारे सहा वर्षांनी त्यांतली बहुतेक मुले पुन्हा तपासली तेव्हा लक्षणांची तीव्रता दुसऱ्या गटापेक्षा कमी आढळली. थेरपिस्ट तर कधीच निघून गेली होती, आईबाप घरातच होते.

पण इथे एक धोका आहे. मोठ्यांनी बदलायचे, याचा अर्थ आपल्या घराघरांत ‘आईने बदलायचे’ असा लावला जाईल. बेटेलहाइम यांचे नाव न ऐकलेल्या सासरच्या मंडळींनीही ‘तू नोकरी करत होतीस म्हणून’, ‘तूच मोबाइल दिलास म्हणून’ हे शेरे मारलेले असतात. स्वमग्नता कोणाच्याही वागण्याने येत नाही. या मुलांचे इशारे फार पुसट असतात आणि ते टिपायला कोणत्याही आईबापाला मदत लागते, एवढेच या पद्धतीचे गृहीतक आहे. तो अर्धा तास बापानेही द्यायचा आहे, आजीने, मावशीने, थोरल्या भावानेही. आणि आईला रोज स्वतःचा असा अर्धा तास मिळेल, हे पाहणे हाही उपचाराचाच भाग मानायला हवा.

घरच्या भाषेबद्दलही बोलले पाहिजे. मूल बोलत नाही म्हटल्यावर “घरात एकच भाषा ठेवा, इंग्रजीच बोला, पुढे शाळेत तीच लागणार” असा सल्ला आजही अनेक पालकांना मिळतो. मग ज्या आजीच्या मांडीवर ते मूल शांत होते, ती त्याच्याशी बोलायला कचरते आणि आई परक्या भाषेत अडखळत, कोरडेपणाने सूचना देत राहते. दोन भाषा कानावर पडल्याने स्वमग्न मुलांचे बोलणे आणखी लांबते, असे अभ्यासांत दिसलेले नाही. माया, दटावणी, गाणी, गंमत ज्या भाषेत सहज येते, तीच उपचाराची भाषा. ती मराठी असेल, कोकणी असेल, अहिराणी असेल नाहीतर गोंडी. कार्डांवर आणि ॲपमध्ये पोळी, वरणभात, पाणी, शू हे शब्द त्याच भाषेत असायला हवेत.

आता शासनाकडे वळू. उत्तर गोव्यासह देशातल्या पाच ठिकाणच्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दोन ते नऊ वयोगटातल्या साधारण शंभरातल्या एका मुलात स्वमग्नता आढळली. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे आणि त्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाखापर्यंत विमा आहे, ज्यात थेरपीचा खर्चही बसतो, पण ती माहीत नसलेली कुटुंबे असंख्य आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून अंगणवाड्यांत तपासणी करतो आणि पुढच्या उपचारांसाठी जिल्हा स्तरावर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. कागदावर साखळी पुरी आहे. पण तालुक्याच्या गावाहून एसटीने जिल्ह्याला जायचे, दिवसाची मजुरी बुडवायची, पाऊण तासाचे सत्र घ्यायचे, आणि पुढची तारीख महिन्याने मिळायची, याला उपचार म्हणता येत नाही. मुंबईत २००१ पासून काम करणारे ‘उम्मीद’, पुण्याचे ‘प्रसन्न ऑटिझम सेंटर’, पालकांनी उभा केलेला ‘फोरम फॉर ऑटिझम’ यांनी मोलाचे काम केले आहे. पण संस्थांचा हा पसारा मुख्यतः मुंबई-पुण्याच्या पट्ट्यातला आहे. हिंगोलीच्या, गडचिरोलीच्या आईने कोणाकडे जायचे?

गोव्यातल्या त्या अनुभवाचा उपयोग इथे आहे. प्रत्येक तालुक्यात दोन कार्यकर्त्या नेमून, त्यांना या पद्धतीचे रीतसर प्रशिक्षण आणि जिल्ह्याच्या तज्ज्ञाची नियमित देखरेख दिली तर सत्र मुलाच्या घरी जाऊ शकते. त्यासाठी लागणारे चित्रण मोबाइलवर होते. अंगणवाडी सेविका आणि आशाताईंवर आधीच कामाचे ओझे इतके आहे की हे त्यांच्याच माथी मारणे अन्याय ठरेल. स्वतंत्र पदे आणि स्वतंत्र मानधन हवे. घरी जाऊन शिकवणारी माणसे मिळाली म्हणून जिल्हा केंद्रातली स्पीच आणि ओटीची रिक्त पदे तशीच ठेवण्याची सबबही कोणाला मिळता कामा नये. आणि खासगी केंद्रांसाठी निदान चार अटी सरकारने तातडीने घालाव्यात: पालकांना सत्र पाहण्याचा हक्क, मारहाण आणि उपासमारीला पूर्ण बंदी, शिकवणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडची नोंदणी दर्शनी भागात, आणि बरे करण्याची हमी देणाऱ्या जाहिरातींवर कारवाई. सुरुवात एका जिल्ह्यापासून झाली तरी चालेल. कालपासून नवे आर्थिक वर्ष सुरू झाले आहे. या पदांसाठीचा प्रस्ताव आरोग्य आणि महिला व बालविकास या दोन खात्यांनी एकत्र बसून पहिल्या तिमाहीतच मांडावा.